पहिला होकार

तेहरान, आबान महिन्याची १४ तारीख, रविवार

प्रिय ताई, माझी सुदाबे आबजी,

सलाम. तू, बहमन आगा, माझी भाची गलारे आणि बाबा, सगळे खुशाल असाल. मी ठीक आहे. वेळेवर जेवते, खोलीतला हीटर दुरुस्त झाला, शेजारीण अजून रेडिओ मोठ्यानं लावते. तू हे विचारणारच, म्हणून आधीच लिहून टाकलं. आता खरी बातमी.

काल सकाळी ते धडधडलं.

शुक्रवारी रात्री तुमच्याकडून परतले आणि शनिवारी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत पोचले. उबेच्या कपाटातून बशी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि वाकून पाहिलं. तळाशी तिळाएवढा ठिपका होता. तो आकसला, सैल झाला, परत आकसला. मला वाटलं, कुणी दार आपटलं म्हणून टेबल हललं. पण दार बंद होतं. मी टेबलावरून हात काढले, तरी ठिपक्याचं चाललेलंच. माझ्याबरोबर काम करणारी आज़र आली, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मेहरनूश, आता श्वास सोड. एक चालू झालं म्हणून दुसरं बंद पाडू नकोस." आज़रला कशाचंच काही वाटत नाही असं सगळे म्हणतात, पण ती जागेवरून उठेना.

आबजी, त्या ठिपक्याला रक्त नाही, शरीर नाही. हृदयाच्या पेशी आहेत, एवढंच. एकमेकींना चिकटल्या, एकमेकींचं ऐकायला लागल्या आणि एका तालात धडधडायला लागल्या. त्यांना कुणी शिकवलं नाही. आम्ही फक्त योग्य दिवशी योग्य खाणं दिलं आणि बाकी वेळ देवाचं नाव घेत बसलो. हे सगळं कुठून आलं ठाऊक आहे? एका जोडप्याच्या उरलेल्या गर्भातून. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांना मूल झालं, उरलेला एक गर्भ त्यांनी संशोधनाला दिला. डोळ्यांना दिसणारही नाही असा पेशींचा गोळा. त्याच्या आतल्या पेशी वेगळ्या काढून वाढवल्या, त्या वाढतच राहिल्या, अजून वाढताहेत. त्यांच्यापासून हृदय करता येतं, मज्जातंतू करता येतात, कसलंही औषध माणसाला देण्याआधी त्यांच्यावर तपासता येतं. ते जोडपं कोण, कुठलं, आम्हाला माहीत नाही. कधी कधी वाटतं, बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली बाईच ती असेल. तिला माहीतही नसेल की तिच्यामुळे काल चौथ्या मजल्यावर दोन मुली रडत होत्या.

याच कामाबद्दल शुक्रवारी मी एवढी बडबडत होते. मला माहीत आहे, मी जेवणापेक्षा जास्त बोलले. बाबा म्हणाले, "म्हणजे तूही रफूच करणार. मी गालिच्याचं करतो, तू काळजाचं." आमच्या कामाचं एवढं सोपं वर्णन आमच्या विद्यापीठात कुणाला जमलं नव्हतं.

आणि मग तू बोललीस. मी म्हटलं की नव्या पेशी हव्या आहेत, पण देणारे मिळत नाहीत. लोक उरलेले गर्भ तसेच गोठवून ठेवतात, नाहीतर मूल नसलेल्या दुसऱ्या जोडप्याला देतात. तेव्हा तू डाळिंब सोलता सोलता म्हणालीस, "गलारेच्या वेळचे आमचे चार आहेत ना तुमच्याच इमारतीत. त्यात काय मोठंसं, तुझेच आहेत ते." बहमन आगा लगेच म्हणाले, "अर्थात. आमचं ते तुझं." एरवी मी त्यांना चिडवते की इस्फहानची माणसं दाराला कडी घालता घालता "जेवून जा" म्हणतात. पण त्या दिवशी त्यांनी पेनही स्वतःच्या खिशातून काढून दिलं. फॉर्म माझ्या पिशवीत होता. तुम्ही दोघांनी जेवणाच्या दस्तरखानावरच सही केलीत, डाळिंबाच्या सालींना कोपरानं बाजूला सारून.

गलारेनं विचारलं, "खाला, तिथं त्यांना थंडी वाजते का?" मी म्हटलं, त्यांना अजून वाजायला काहीच नाही. बरोबर सांगितलं ना?

तुला पापाची भीती वाटत असेल, म्हणून एक सांगते. आमच्या संस्थेनं धर्मगुरूंना विचारूनच हे काम सुरू केलं. जीव फुंकला जातो तो चौथ्या महिन्यानंतर, असंच आपण मानतो ना. इथं तर आठवडाही झालेला नसतो.

पुढच्या बुधवारी गर्भ बाहेर काढायचे, असं मी फळ्यावर लिहूनही टाकलं. पेशींची ही नवी मालिका माझ्या हातची पहिली असेल. आपल्या घरात शाळा संपवणारी मीच पहिली, आणि आता हे. तुझे उपकार कसे मानू कळत नाही.

काल दोनदा फोन केला. तू कामात असशील.

तुझी आनंदानं वेडी झालेली,
मेहरनूश


तेहरान, १७ आबान, बुधवार

आबजी जान,

सलाम. गलारेला पापी. बाबांना म्हणावं, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायचं ते खरंच थांबा, थांबल्याचं नाटक नको.

मी फोन करत नाहीये, पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपण दोघी अर्धा तास एकमेकींच्या तब्येती विचारू, मग तू "तुझा आवाज ऐकला, बरं वाटलं" म्हणशील, मी "तुझी सावली माझ्यावर राहो" म्हणेन, आणि काही न बोलता फोन ठेवू. कागदावर कुणी कुणाला मध्येच चहा विचारत नाही.

काल वुसूगी डॉक्टरांनी मला बोलावलं. आमच्या प्रमुख. तू त्यांना पाहिलं नाहीस. उंचीला माझ्या खांद्याला लागतात, आणि त्या जिन्यात दिसल्या की पुरुषसुद्धा शर्टाची बटणं तपासतात. तुमचा फॉर्म समोर होता. लग्नानंतरही तुझं आणि माझं आडनाव एकच, ते त्यांना वाचता येतं.

"ही कोण?"

"माझी मोठी बहीण, खानम डॉक्टर."

"सही कुठे घेतलीस?"

"घरी. काशानला."

"जेवणाआधी की नंतर?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. म्हटलं, "नंतर. डाळिंब चाललं होतं."

"किती वेळा विचारलंस?"

"विचारावंच लागलं नाही. ती आपणहून म्हणाली, तुझेच आहेत."

त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "निघताना बहिणीनं आणखी काय काय देऊ केलं?"

"नेहमीचंच. तिच्या डोक्यावरचा निळा रुमाल मी छान म्हटला, तर काढून द्यायला लागली."

"मग? आणलास?"

"नाही हो. तआरुफ होता तो, म्हणायचं म्हणून म्हटलेलं. मी तीनदा नको म्हटलं, तेव्हा कुठे..."

आबजी, तिथं मी थांबले. माझं वाक्य माझ्याच कानांत पडलं.

डॉक्टर म्हणाल्या, "रुमालाला तीनदा. आणि याला एकदाही नाही."

मी वाद घातला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, सह्या आहेत, दोघांच्या आहेत, दोघं शहाणे आहेत. त्या म्हणाल्या, "आपल्या देशात पहिला होकार म्हणजे सलामाला उलटा सलाम. तो मी कधीच धरत नाही. आठवड्यानं परत विचारायचं. मग तिसऱ्यांदा, नवऱ्याला वेगळं, बायकोला वेगळं. आणि विचारणारा माणूस प्रयोगशाळेचा नसावा, नात्याचा तर नसावाच. हा नियम भिंतीवर लावलेला आहे. तू वाचलायस."

"वाचलाय. पण मला वाटलं, बहीणच आहे."

"बहीण आहे म्हणूनच तर."

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. फळ्यावरचा बुधवार मी स्वतः पुसला. आज़रनं फडकं आणून दिलं आणि म्हणाली, "जोरात पुस, निदान फळा तरी स्वच्छ होईल." मला तिला चिमटा काढावासा वाटला.

बसमध्ये मी रागानं धुमसत होते. मग राग गेला आणि शुक्रवार उरला. सह्या झाल्यावर तू चहा आणायला उठलीस. चहा यायला फार वेळ लागला. चहाच्या पाण्याचा समोवर तर तिथं खोलीतच होता, आबजी. पाण्यासाठी आत जायची गरज नव्हती. आत नळ वाहत होता. बहमन आगा गालिच्याची किनार बोटानं सरळ करत होते, सरळच असलेली किनार. मला दिसलं. मला तेव्हाच दिसलं. मी पेनाला टोपण लावलं, फॉर्म पिशवीत घातला आणि गलारेशी पेशींबद्दल बोलायला लागले, कारण मी गप्प बसले असते तर कुणीतरी काहीतरी बोललं असतं.

आणखी एक. मी म्हटलं होतं, "बाबांच्या हृदयासाठी." झटका येऊन गेल्यापासून त्यांच्या हृदयावर जो व्रण आहे, त्यावर कधीतरी अशा पेशींचं ठिगळ लावता येईल, असं. कधीतरी हे खरं आहे. बाबांच्या हयातीत हे खरं नाही. एवढ्या लवकर काहीही होणार नाही, आणि हे मला तिथं बसले असतानाही माहीत होतं. पण "बाबांच्या हृदयासाठी" म्हटल्यावर तू नाही म्हणू शकणार नाहीस, हेही माहीत होतं. मी शिकलेली आहे, कुठला शब्द कुठे ठेवायचा हे मला कळतं. शिक्षणाचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

आता स्पष्ट लिहिते, म्हणजे तूही लिहू शकशील. मला ते गर्भ हवे आहेत. खूप हवे आहेत. त्या ठिपक्याची धडधड पाहिल्यापासून मला झोप धड लागत नाही, डोळे मिटले की तोच दिसतो. या कामातून माणसं वाचतील यावर माझा पूर्ण विश्वास आहे. हे झालं माझं. तुझं काय ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

उत्तर मला देऊ नकोस. पुढच्या आठवड्यात समुपदेशक बाई तुला फोन करतील आणि मग तुम्हा दोघांना तेहरानला बोलावतील. त्यांना तू ओळखत नाहीस, त्यांना दुखवायची भीती नाही. नको असेल तर नको म्हण. कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही, "पण तू म्हणतेस तर" हे तर मुळीच नाही.

ठेवते.

मेहरनूश


तेहरान, आजर महिन्याची ६ तारीख, सोमवार

आबजी,

काशानला पोचलात का नीट? परवापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. हे पत्र मी चौथ्या मजल्याच्या जिन्यात बसून लिहिते आहे, कारण आत आज़र दर पाच मिनिटांनी विचारते, "आता का हसतेयस?" आणि मला सांगता येत नाही. ते तुमचं खासगी आहे.

शनिवारी तुम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात होतात तेव्हा मी वर काय करत होते, सांगू? पेशींना खाणं द्यायची वेळ नसताना खाणं देत होते. मी खाली येणार नाही असं वुसूगी डॉक्टरांना वचन दिलं होतं, आणि त्यांनी जिन्याच्या दारात सफाईच्या बादल्या ठेवून दिल्या होत्या. योगायोग म्हणाल्या.

दुपारी त्या स्वतः वर आल्या. मी उभी राहिले. त्या म्हणाल्या, "बस. तुझी नवी मालिका गेली." मी मान हलवली. म्हटलं, "आबजी नाही म्हणाली का?" त्या म्हणाल्या, "दोघंही नाही म्हणाले, दोघांनाही आणखी एक मूल हवंय. वेगवेगळ्या खोल्यांत. आणि प्रत्येकानं वर सांगितलं की हे दुसऱ्याला कळू देऊ नका, तिला वाईट वाटेल, त्याला वाईट वाटेल." मग आबजी, वुसूगी डॉक्टर हसल्या. खरंच हसल्या. काचेपलीकडे आज़रच्या हातून पिपेट पडली.

मग पुढचं तुला माहीत आहे, दोघांनी परवानगी दिल्यावर समुपदेशक बाईंनी तुम्हाला एका खोलीत बसवलं आणि स्वतः बाहेर गेल्या. तोवर डॉक्टरांनी मला खाली येऊ दिलं होतं, म्हणून बाहेर येताना तुझा चेहरा मी पाहिला. माझ्याकडे बघून तू आधी ओशाळलीस, आणि मग तुला ओशाळता येईना. मी जन्मात तुला एवढी सुंदर पाहिली नाही, लग्नातसुद्धा नाही. लग्नात तर तू पाहुण्यांना जागा देता देता स्वतःची खुर्ची देऊन बसली होतीस.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. तू तपासणीसाठी रक्त द्यायला आत गेलीस तेव्हा बहमन आगा माझ्याशी बोलले. ते तुला सांगतील असं वाटत नाही, म्हणून मी लिहिते.

ते म्हणाले, "तो पाळणा आठवतो का तुला?"

मी म्हटलं, "गलारेचा? तो तुम्ही तुमच्या चुलतभावाला दिलात ना."

"दिला कुठे. तो आला, म्हणाला, वा, काय लाकूड आहे. मी म्हटलं, तुझाच आहे. त्यानं उचलला की. एकदासुद्धा नको म्हणाला नाही. गाडीच्या टपावर बांधून दिलाय मी त्याला, या हातांनी दोरी आवळली."

"मग परत मागायचा."

"पाळणा परत मागतात का, पोरी? लोक काय म्हणतील." मग सांगायला लागले, "दुसऱ्या खेपेला गर्भ राहिला नाही, त्यानंतरचीच गोष्ट ही. सुदाबे घरी आली, कोपरा रिकामा बघितला आणि काही बोलली नाही. मी म्हटलं, चला, हिला आता नकोच आहे, बरं झालं. तिनं म्हटलं असेल, याला आता नकोच आहे. त्या दिवसापासून आमच्यात मुलाचा विषय नाही."

मी विचारलं, "आणि त्या शुक्रवारी?"

"शुक्रवारी ती म्हणाली, तुझेच आहेत. मला वाटलं, मनापासून म्हणतेय. मग मी मागे कसा राहू? मी पेन काढून दिलं, आणि ते बघून तिला वाटलं, हा सुटायला बघतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काय, तू पाहुणी. पाहुण्याला नको म्हणतात का कुठे."

मी त्यांना रडवलं असं समजू नकोस. ते म्हणाले, इथल्या औषधांचा वास डोळ्यांत जातो.

तर पुढच्या महिन्यात चारांतले दोन तुझ्याकडे परत येतील. मी आनंदात आहे आणि थोडी रडलेही, दोन्ही लिहिते, कारण एकच लिहिलं तर ते परत तआरुफ होईल. नवी मालिका माझ्या नावाची झाली नाही याचं वाईट वाटतंच. पण बशीतल्या ठिपक्यांचं चाललेलं आहे. आता तीन बशा झाल्या आहेत, आणि काल त्यातल्या दोन ठिपक्यांना शेजारी ठेवलं तर संध्याकाळपर्यंत त्यांचा ताल एक झाला. मी आज़रला हाक मारायलाही विसरले. ज्या जोडप्यानं हे दिलं, त्यांना कुणीतरी तीनदा विचारलं असेल, आणि तिन्ही वेळा ते हो म्हणाले असतील, हे मला आता कळतं. आधी मी त्या पेशींकडे पाहायचे. आता त्यांच्या होकाराकडेही पाहते. काम तेच आहे, पण मी हातमोजे जरा हळू चढवते.

जाताना गाडीत बसल्यावर तू काच खाली करून म्हणालीस, "उरलेले दोन मात्र नक्की तुझे." मी ऐकलं नाही असं समज. तुझं काम झाल्यावर, मन निवल्यावर, कुणीतरी परकं माणूस विचारील, परत विचारील, आणि तेव्हा तुझं जे असेल ते असेल. मूल राहिलं तरी त्याची परतफेड म्हणून हो म्हणायचं नाही. राहिलं नाही तर रागानं नाही म्हणायचं नाही. राहीलच असं मी लिहिणार नाही, आबजी. मला हे काम येतं, म्हणूनच लिहिणार नाही. वुसूगी डॉक्टर म्हणतात, आशा धरायला हरकत नाही. मी जोरात धरली आहे.

गर्भ ठेवतील त्या दिवशी तू दुसऱ्या मजल्यावर असशील आणि मी चौथ्या. मी खाली यावं असं तुला वाटलं तर निरोप पाठव, मी हातातलं टाकून येईन. नको वाटलं तर पाठवू नकोस. मी वर माझं काम करत बसेन, आणि संध्याकाळी भेटू तेव्हा तुला त्याबद्दल विचारणारही नाही. तू जे म्हणशील ते यापुढे मी पहिल्याच वेळी खरं धरणार आहे. तेव्हा जपून बोल.

तुझी बहीण,
मेहरनूश